अनुभव धागा : गाडीला काय असतं, तर आपलं माणूस वाचलं असतं?

वाणकाठची (अंबाजोगाई)

माझा धाकटा भाऊ डिसेंबरातल्या एका रात्री मोटारसायकलवर लातूरहून घरी येत होता. बर्दापूरच्या अलीकडं रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटलेला. ट्रॅक्टर सोडवून, टायर घेऊन ड्रायव्हर पंक्चर काढायला गेलेला. ट्रॉलीच्या मागं चार दगड मांडलेले. दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाली लोंबत होतं, त्यामुळं ट्रॉलीचा लोखंडी पत्रासुद्धा दिसत नव्हता.

भाऊ 26 वर्षांचा होता. दहाव्याला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, काळ आला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'उभ्या वाहनास पाठीमागून धडक'. म्हणजे चूक त्याचीच. आईनं तो कागद कितीदा वाचून घेतला माझ्याकडून. दरवेळी विचारायची, "त्यानं बघितलं कसं नाही गं?"

मी नंतर हिशोब केला. ताशी 60 म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. मोटारसायकलचा दिवा खाली असेल तर तीस-चाळीस मीटरच्या पुढं धड दिसत नाही. त्याच्याकडं दोन सेकंद होते. त्यातला एक सेकंद समोर काय आहे हे कळण्यातच जातो. ट्रॉलीला चांगली पट्टी असती, तर ती त्याला दोनशे मीटरवरून दिसली असती. आईला हे समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. समजल्यावर ती रडली नाही, चिडली. आजही चिडलेलीच आहे आणि मला ते बरं वाटतं.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्त्यावर गेलेल्या माणसांच्या आठवणीचा दिवस म्हणून जगभर पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये तो मान्य केला. आपल्या देशात 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली, म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. त्या दिवसाच्या निमित्तानं मराठवाड्यातल्या सगळ्यांना इथं लिहायला बोलावते आहे.

विनंती एकच. 'नशीब' किंवा 'ड्रायव्हर पिलेला होता' इथं थांबू नका. गाडीला, ट्रॉलीला, रस्त्याला काय असतं तर माणूस वाचला असता, तेवढं लिहा. कोणाचं नाव, गाडीचा नंबर, दवाखाना, कारखाना लिहू नका.

सिंदफणा (वडवणी)

ताई, मी ट्रॅक्टरच चालवतो. तुमचं वाचून दोन दिवस लिहावं का नको, असं झालं.

माझे मायबाप ऊसतोडीला जायचे. मी लहान असताना दिवाळी झाली की आमचं सगळं बिऱ्हाड ट्रॉलीतच. खाली भांडीकुंडी, ज्वारीची पोती, वर बाया-लेकरं, शेळी पण. बीडवरून पार सांगली-कोल्हापूरकडं रातभर जायचं. थंडीनं वाकळीत गुंडाळून झोपायचो. त्या ट्रॉलीला पाठीमागं काहीच नसायचं, हे मला आता ड्रायव्हर झाल्यावर कळतंय.

दिवा का नसतो ते सांगतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत वायर जाते. फडात ट्रॉली सोडायची, दुसरी जोडायची, असं दिवसातून कितीदा होतं. चिखलात वायर तुटते. दोन ट्रॉल्या असल्या तर मागच्या ट्रॉलीची वायर आठ दिवस पण टिकत नाही. बल्ब काय महाग नसतो, पण तो बसवायला उभं राहायला वेळ कोणालाच नसतो. पैसा खेपेवर. वजनकाट्यावर रांग लागलेली. मालक म्हणतो चल, मुकादम म्हणतो चल.

रिफ्लेक्टर कारखाना देतो, नाही असं नाही. हंगामाच्या सुरुवातीला गेटवर अधिकारी येतात, पट्टी चिटकवतात, फोटो काढतात. पण ती पट्टी चिटकवतात ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या झडपेवर. ऊस भरला की वाढं फाळक्याच्या दीड-दोन हात बाहेर येतं. पट्टी झाकली. राहिली तरी आठ दिवसांत चिखलानं भरती. मग मागून येणाऱ्याला दिसणार काय?

आन ब्रेक. ट्रॉलीला ब्रेक नसतो बघा. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. उतारावर वीस-वीस टन ऊस ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. मांजरसुंब्याच्या घाटात मी एकदा ब्रेक दाबून उभा राहिलो होतो आन ट्रॅक्टर चालतच होता. त्या दिवशी खाली कोणी नव्हतं म्हणून मी हे लिहायलोय.

काय असतं तर वाचलं असतं, असं तुम्ही विचारलं. माझं म्हणणं, ट्रॉलीच्या मागं दोन्ही कोपऱ्यांना उसाच्या वर जाईल असा पाईप उभा करावा, त्याला पट्टी लावावी आन एक बॅटरीवरचा लुकलुकणारा दिवा. बॅटरीवरचा असला की वायरीची भानगड नाही. टायर फुटला तर तोच दिवा काढून पन्नास पावलं मागं ठेवता येतो. मी माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना केलंय. वेल्डिंगवाल्यानं एका दुपारीत करून दिलं.

तुमच्या भावाला तसला दिवा दिसला असता. माफ करा ताई.

वाणकाठची

दादा, तुम्ही माफी कशाला मागता. वाढ्याखाली पट्टी झाकली जाते हे मला इतक्या वर्षांत एकाही अधिकाऱ्यानं सांगितलं नव्हतं. तुमचा पाईप कसा आहे त्याचं माप देता का? उंची आणि कुठं जोडला ते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. अकरा वर्षं झाली.

संध्याकाळी सात ते रात्री अकरा ही आमची गर्दीची वेळ. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या शिफ्ट सुटतात, लग्नाच्या तिथी असतात, आणि स्ट्रेचर लागोपाठ येतात. निम्म्याच्या वर मोटारसायकलवाले. हात मोडलेला, पाय मोडलेला माणूस ओरडत येतो, तेव्हा मला हायसं वाटतं. डोक्याचा मार लागलेला माणूस शांत येतो. कानातून रक्त, घोरल्यासारखा श्वास. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, बाहेरून तर काहीच लागलं नाही ना?"

पोलिसांना दाखवायला डोक्यावर ठेवलेली टोपी आणि हेल्मेट यांत फरक आहे, एवढं मला सांगायचं आहे. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. धडकेत तो दबतो, चेपतो, आणि मेंदूवर येणारा मार स्वतःवर घेतो. रस्त्याच्या कडेला दोन-अडीचशेला मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीत तो थरच नसतो. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. तरी ती टोपी विकली जाते.

दुसरं, पट्टा. हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल तर पहिल्या धडकेत हेल्मेट उडतं आणि दुसऱ्या धडकेत डोकं रस्त्यावर उघडं असतं. नातेवाईक हेल्मेट पिशवीत घालून आणतात. एक ओरखडा नसतो त्याच्यावर. मी ते पाहिलं की समजते.

2022 मध्ये देशात हेल्मेट न घातल्यानं 50,029 माणसं गेली अशी सरकारची नोंद आहे. त्यातली चौदा हजारांहून जास्त मागं बसलेली. मागं बसणाऱ्या आपल्या बाया असतात हो. पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड लागतो, पण त्याच बाईच्या डोक्यासाठी घरात दुसरं हेल्मेट नसतं. गाडी घेताना दोन हेल्मेट हातात दिल्याशिवाय चावी घेऊ नका. आमच्या वार्डातल्या सगळ्या मुलींना मी हेच सांगते.

मांजरा (लातूर)

3 जून 2014 ची सकाळ आमच्याकडं कोणीच विसरलं नाही. गोपीनाथराव मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिल्लीत विमानतळाकडं निघाले होते, बीडला सत्कार होता. चौकात दुसऱ्या गाडीनं बाजूनं धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. परळीत त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय गर्दी लोटली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील तिथं उभं राहून लहान लेकरासारखे रडले.

आणि तेच वडील पुढं नऊ वर्षं गाडीत मागं बसून पट्टा लावत नव्हते.

का, तर आमच्या गाडीत मागचा पट्टा लावायची सोयच राहिली नव्हती. नवी गाडी आणली त्याच आठवड्यात सीट कव्हर घातलं. दुकानदारानं मागच्या पट्ट्यांची कुलपं, म्हणजे पट्टा ज्यात खटकन बसतो ते, कव्हराच्या खाली दाबून टाकली. आम्हाला कोणालाच ते खटकलं नाही. 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा टीव्हीवर पुन्हा मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, तेव्हाही आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं.

2023 च्या मार्चमध्ये औसा रोडला आमच्या गाडीसमोर अचानक म्हैस आली. भाऊजींनी ब्रेक मारला, गाडी दुभाजकावर गेली. पुढच्या दोघांना पट्टा होता, एअरबॅग उघडल्या, दोघंही पायानं चालत बाहेर आले. आई मागं मधोमध बसली होती. ती दोन सीटच्या मधून पुढं आली. तिच्या मानेला मार लागला. ती आहे, पण आता स्वतःच्या हातानं जेवत नाही.

गाडी 50-55 च्या वर नव्हती. मागच्या सीटवर बसलेलं माणूस सुरक्षित असतं, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं मला माहीत नाही. मागच्या पट्ट्यालाही कायदा आहे, हजार रुपये दंड आहे, पण लातूरपासून मुंबईपर्यंत मला कोणी कधी मागच्या सीटवर वाकून बघितलं नाही. आता 1 एप्रिल 2025 पासूनच्या नव्या गाड्यांत मागचा पट्टा लावला नाही तरी आवाज येतो. तो आवाज बंद करायला बाजारात नुसती क्लिप मिळते. कृपा करून ती घेऊ नका.

आज घरी गेल्यावर आधी मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. कुलूप सापडतंय का.

तेरणा (धाराशिव)

हे वाचून आत्ता खाली जाऊन बघितलं. आमच्याही गाडीत कव्हराखाली होती. ब्लेडनं कापून वर काढली तिन्ही.

कयाधू (वसमत)

मी शाळेत शिकवते. 4 एप्रिल 2025 ला सकाळी आमच्या तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया शेतात कामाला निघाल्या होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. नांदेडकडं आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. विहीर पाण्यानं भरलेली. सात जणी गेल्या.

मी त्या गावची नाही. पण त्या आठवड्यात माझ्या वर्गात रोज कोणीतरी विचारायचं, "मॅडम, माझी आई पण जाते ट्रॉलीतच." चाळीस लेकरांपैकी एकतीस जणांची आई.

बातम्या दोन दिवस आल्या. चालकावर बोलणं झालं, मदत जाहीर झाली. ट्रॉलीबद्दल कोणी बोललं नाही. ट्रॉली माल वाहायला केलेली असते. तिला बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही, उलटली तर बाहेर पडायला वाट नाही. आणि विहिरीला कठडा नाही. आमच्याकडं शेतरस्त्याला लागून किती विहिरी जमिनीच्या पातळीला उघड्या आहेत, ते गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

बायांनी ट्रॉलीत बसू नये, हे म्हणणं सोपं आहे. मग जायचं कशात? पहाटे सहाला दहा किलोमीटरवरच्या शेतात एसटी जात नाही. मी ग्रामसभेत दोन मागण्या लिहून दिल्या. गावरस्त्यापासून जवळ असलेल्या सगळ्या विहिरींना कमरेइतका कठडा, रोजगार हमीतून. आणि हळदीच्या हंगामात मजुरांसाठी सकाळ-संध्याकाळ एक गाडी. पहिलीवर ठराव झाला, बारा विहिरींची यादी झाली. पाच झाल्या. दुसरीवर हसले. मी पुन्हा देणार आहे.

गोदाकाठ (नांदेड)

सगळ्यांची दुःखं वाचली. पण एक खटकतं, म्हणून लिहितो. सगळा दोष गाडीला आणि ट्रॉलीला कसा देता? सोळा-सतरा वर्षांची पोरं लायसन्स नसताना तिघं-तिघं बसून जातात. ड्रायव्हर मोबाईलवर बोलतो. लोक उलट्या बाजूनं येतात. गाडीला सहा एअरबॅग लावल्या तर माणूस सुधारणार आहे का? माझा पुतण्या अतिवेगानं गेला. त्याचं गाडीला काय करणार?

वाणकाठची

काका, तुमचं दुःख मोठं आहे आणि वेगाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. अठरा वर्षांच्या आत चावी देऊ नये, हे मी माझ्या घरात पाळते.

तरी मला असं वाटतं. माणूस चुकणार. थकलेला असेल, घाईत असेल, तरुण असेल. चुकीची शिक्षा मरण असू नये, एवढंच मी मागते. आज आपण सगळे जो तीन ठिकाणी बांधणारा पट्टा लावतो, तो नील्स बोलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं व्होल्वो कंपनीत 1959 मध्ये केला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. त्यानं 'ड्रायव्हरनं नीट चालवावं' असं म्हणून काम सोडून दिलं नाही. ड्रायव्हर चुकला तर काय, यावर त्यानं डोकं चालवलं. आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांना मोकळं ठेवलं. त्याच पट्ट्यानं मांजराताईंचे भाऊजी चालत बाहेर आले.

तुमच्या पुतण्याची मोटारसायकल किती सीसीची होती? 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाडीला चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक, एबीएस, बंधनकारक आहे. त्याच्याखालच्या गाड्यांना तेव्हा तो बंधनकारक केला नाही. आणि आपल्या गावात सगळ्यात जास्त त्याच गाड्या आहेत.

गोदाकाठ

शंभर सीसी होती. जोरात ब्रेक मारल्यावर मागचं चाक घसरलं, असं सोबतचा पोरगा म्हणाला होता. मी ते कधी या बाजूनं बघितलं नव्हतं.

दुधना (जालना)

माझं ट्रकच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. तीस वर्षांपासून.

ट्रकच्या मागं खाली एक आडवा गार्ड असतो. तो शोभेचा नाही. जमिनीपासून दोन फुटाच्या आत आणि मजबूत असावा लागतो, कारण मागून कार आली तर ती त्याला अडली पाहिजे. तो नसेल किंवा वर वाकवलेला असेल, तर कारचं बोनट ट्रकच्या खाली सरळ घुसतं. कारचा पुढचा भाग चेपून धक्का खाण्यासाठीच बनवलेला असतो, पण त्याला धडक लागतच नाही. पहिली धडक काचेला, म्हणजे माणसाच्या छाती-तोंडाला. अशा वेळी एअरबॅगचाही भरवसा राहत नाही. धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळालेली गाडी असो, नाहीतर जुनी.

माझ्याकडं ट्रक येतो तेव्हा मालक म्हणतो, "शेठ, हा गार्ड खदाणीत घासतो, वर घ्या." पूर्वी मी घ्यायचो. खरं सांगतो, घ्यायचो. पंधराएक वर्षांपूर्वी देऊळगाव राजाच्या रस्त्यावर एका कारचा अपघात पाहिला. ट्रक मी ओळखला. गार्ड मीच वर घेतला होता. त्यानंतर एकाचाही घेतला नाही. चार गिऱ्हाईकं तुटली.

जालन्यात सळईचा धंदा आहे, म्हणून आणखी एक. बॉडीच्या बाहेर लोंबणारी सळई. आधी मीटरभर चालायची, 2014 मध्ये ती सवलत सरकारनं काढली. तरी रात्री टोकाला लाल फडकं बांधून ट्रक निघतात. फडकं रात्री कोणाला दिसतं? माल लांब असेल तर गाडी लांब घ्यावी, एवढी साधी गोष्ट आहे.

पट्टीचं पण सांगतो, वर चर्चा आहे म्हणून. ट्रकला मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, असा नियम आहे. पण बाजारात नुसतं रंगीत प्लॅस्टिक मिळतं, ते दिवसा छान दिसतं. घेताना अंधाऱ्या खोलीत धरा आणि डोळ्याशेजारी मोबाईलचा टॉर्च लावून बघा. पेटल्यासारखी दिसली तरच घ्या. सिंदफणाभाऊ, तुमच्या पाईपला लागेल तेवढी चांगली पट्टी माझ्याकडून.

शिवना (वैजापूर)

टुरिस्ट गाडी चालवतो. समृद्धी महामार्ग आमच्या दारातून जातो. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री जांबरगावजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळली. सैलानीबाबाचं दर्शन घेऊन नाशिककडं परत चाललेले लोक. 12 गेले. मी सकाळी तिथून गेलो. चपला पडल्या होत्या.

त्यानंतर मी प्रवासी गाडीत चढवायच्या आधी दोन गोष्टी बघतो. सगळ्या सीटचे पट्टे चालतात का. आणि टायर. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, 3519 म्हणजे 2019 सालचा 35 वा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून सात-आठ वर्षांचा टायर चालवू नका. उन्हात रबर आतून सुकतं. हवा कमी असेल तर टायर फुगून-दबून तापतो, आणि तासन्‌तास 100-120 नं सरळ रस्त्यावर धावताना फुटतो. गावातल्या खड्ड्यांत 40 नं तोच टायर वर्षभर चालला असता, त्यामुळं माणूस फसतो.

गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनो, आम्हाला रेट विचारता तसं टायरचं साल विचारा. एकानंही मला आजवर विचारलं नाही.

बिंदुसरा (बीड)

माझं थोडकं. सिमेंटचा रस्ता झाला, साइडपट्टी भरली नाही. रस्ता आणि काळी माती यांत वीतभर खोल कड. समोरून ट्रक आला, मोटारसायकल खाली उतरवली, चाक कडेला घासलं आणि बायको पडली. खांदा गेला. पावसाळ्यात ती माती पार लोण्यासारखी होते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत सदोष रस्त्यासाठी ठेकेदार आणि अभियंत्याला 1 लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे, कलम 198 अ. मी फोटो, तारीख, टेपनं मोजलेली खोली लावून अर्ज दिला. दोन महिन्यांनी माझ्या गावाजवळचा चार किलोमीटरचा तुकडा मुरूम टाकून भरला. पुढचा तसाच आहे. फोटोत टेप ठेवा, त्याशिवाय कोणी मानत नाही.

तेरणा (धाराशिव)

वर कव्हर कापलेला मीच. मागच्या वर्षी गाडी घेताना घरात मोठं भांडण झालं, ते सांगतो.

वडिलांना उंच गाडी पाहिजे होती. बहिणीला छत उघडणारी. शोरूममधला मुलगा अर्धा तास स्क्रीन किती इंचाची हे सांगत होता. मी विचारलं, धडकेच्या चाचणीत तारे किती? म्हणाला, "सर, बिल्ड क्वालिटी एकदम मजबूत आहे, दरवाजाचा आवाज ऐका." दरवाजा आपटून दाखवला.

दरवाजाच्या आवाजावरून काही कळत नाही. 2014 मध्ये भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या पहिल्यांदा बाहेरच्या संस्थेनं भिंतीवर आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसाच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यावर ओरड झाली, नियम बदलले, आणि 2018 च्या शेवटी पहिल्या भारतीय गाडीला पाच तारे मिळाले. चार वर्षांत. म्हणजे कंपन्यांना जमत होतं, कोणी मागत नव्हतं. आता 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. गाडी समोरून 64 च्या वेगानं आपटतात, बाजूनं 50 च्या. मोठ्यांचे तारे वेगळे, लहान मुलांचे वेगळे. पण चाचणी करून घेणं कंपनीच्या मर्जीवर आहे. ती सक्तीची झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी आम्ही लहान गाडी घेतली, पाच ताऱ्यांची. वडील आठ दिवस बोलले नाहीत. पुढं लोखंडी बंपर बसवतो म्हणाले, तेव्हा मी गाडीची चावी लपवली. तो बंपर धक्का सरळ चासीत पोचवतो, एअरबॅगचा अंदाज चुकवतो, आणि पायी माणसाला लागला तर त्याला तर सोडतच नाही.

पूर्णा (परभणी)

जिंतूर रोडला दोन वर्षांपूर्वी एक जण पडला होता. वीसेक लोक मोबाईल काढून उभे. मी आणि एका रिक्षावाल्यानं उचललं. लोक म्हणत होते, पोलिसांच्या झंझटीत पडाल. मी नाव न सांगता आलो, कोणी अडवलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 लाच हे स्पष्ट केलंय, आणि 2019 पासून कायद्यात 134 अ हे कलम आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. 2025 च्या मे पासून अपघातातल्या माणसाला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार बिनपैशात मिळायची योजना आहे. दवाखान्यात पैसे आधी मागितले तर हे ठामपणे बोला. तो माणूस जगला. दिवाळीला घरी फराळ घेऊन आला होता.

सिंदफणा

ताई, माप टाकतो. पाईप सव्वा इंची, फाळक्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला नटबोल्टनं, वेल्डिंग करू नका, ऊस उतरवताना काढावा लागतो. उंची फाळक्यापासून वर पाच फूट. पट्टी वरच्या दीड फुटाला चारी बाजूनं गुंडाळून. दिवा टोकाला.

आमच्या टोळीतल्या सहा जणांनी केलंय. बाकीचे म्हणतात, कारखान्यानं सांगितलं तर करू.

वाणकाठची

मग कारखान्याला सांगू. सिंदफणादादांचं माप, दुधनाभाऊंची पट्टीची परीक्षा आणि माझ्या भावाचा पंचनामा जोडून अर्ज तयार केला आहे. मागणी एकच आहे. असे दोन पाईप आणि बॅटरीचा दिवा असल्याशिवाय ट्रॉलीला वजनकाट्यावर घ्यायचं नाही. काट्यावर अडली तरच मालक खर्च करील.

येत्या सोमवारी सकाळी मी आणि आई आमच्या भागातल्या कारखान्यावर शेतकी अधिकाऱ्याकडं जाणार आहोत. प्रत परिवहन कार्यालयाला देणार. आईनं सांगितलंय, ती स्वतः बोलणार. केज, धारूर, रेणापूरकडून कोणी सोबत येणार असाल तर खाली लिहा. आपापल्या कारखान्याला द्यायचा असेल तर मजकूर पाठवते.

सिंदफणा

मी येतो. ट्रॉली घेऊनच येतो, म्हणजे दाखवता येईल.